लक्ष देऊन सोडव

कागदी बशीच्या दुमडीतून तर्रीचं तेल बाहेर आलं होतं, टेबलाच्या काचेवरून हळूहळू गठ्ठ्याकडे सरकत होतं, आणि तुलाराम कापगते ते नुसतं पाहत बसला होता — लाल, जाडसर, मध्ये एक काळा चणा अडकलेला... बशी उचलावी, तेल पुसावं, एवढंसं काम, पण हात उठेना. सव्वीस वर्षं या स्टाफरूममध्ये पाहुण्याच्या नावानं हेच पोहे आणि हीच तर्री. शिक्षणाधिकारी आले की पोहे, पोषण आहाराची तपासणी आली की पोहे, आणि आज नागपूरहून कोणी बाई पोरांच्या मनाची तपासणी करायला येणार, तर ती यायच्या आधीच सगळ्या स्टाफनं पोहे हाणून ढेकरा दिलेल्या. शी! तेल गठ्ठ्याच्या दोरीला लागलं तेव्हा कुठे त्यानं तो ओढून मांडीवर घेतला.

गठ्ठ्यात एकशे अठरा फॉर्म होते. आठवी, नववी, दहावी. जुलैत शाळेत 'मनसोबत' नावाचा कार्यक्रम आला. कशासाठी, तर पोरांनी जिवाचं बरंवाईट करून घेऊ नये म्हणून. पण परिपत्रकात तसं कुठं लिहिलेलं नव्हतं, तिथं 'किशोरवयीन मानसिक स्वास्थ्य' असे गुळगुळीत शब्द होते. शाळेतून एक शिक्षक नेमायचा होता, आणि कापगते विज्ञानाचा, शिवाय निवृत्तीला सहा वर्षं राहिलेला, म्हणजे कशालाही नाही न म्हणणारा. त्याचं नाव टाकलं. भंडाऱ्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. दुसऱ्या दिवशी जेवणात गुलाबजामून होते, आणि दुपारी 'मूल सांगू लागलं तर आपण काय करावं' हे सत्र चालू असताना त्याला अशी गाढ झोप लागली की शेजारच्याला ढोसून उठवावं लागलं. हा किस्सा तो स्टाफरूममध्ये रंगवून सांगायचा, आणि सगळे हसायचे.

जुलैतला पहिला फॉर्म पोरांनी आपला आपण भरला. पाकीट बंद केलं, पाठवलं, कोणी उघडून पाहिलं नाही. ऑगस्टात वरून पत्र आलं की या शाळेतल्या एकोणीस मुलांची उत्तरं चिंताजनक आहेत. तालुक्याच्या बैठकीत हेडमास्तर भैय्याजी लांजेवारांना सगळ्यांसमोर उभं केलं म्हणे. परत आले ते लालबुंद होऊन. "एकोणीस पोरं नापास म्हंजे काय जी कापगते? दहावीत बी इतकी होत नाही आपली!" नापास... त्या शब्दाला कोणी हसलं नाही. मीही नाही, कापगतेला आठवलं. कारण मलाही तसंच वाटलं होतं, शाळा नापास झाली असंच. ती एकोणीस पोरं कोणती, काय झालंय त्यांना, हे कोणी तोंडातून काढलं नाही. नावं गुप्त होती, आणि गुप्त होती याचं सगळ्यांना बरंच वाटलं.

मग सहा शनिवार. डोळे मिटून श्वास घ्या, श्वास सोडा. भावनांचं चाक, कार्डबोर्डचं. बाहेर फाटकाजवळच्या भिंतीवर 'तंबाखूमुक्त शाळा' असं आधीचंच होतं, त्याच्या खाली भैय्याजींनी 'तणावमुक्त शाळा' रंगवून घेतलं, आणि पेंटरनं विचारलं की वरच्यासारखं इथंही लाल काट मारलेलं चित्र काढू का, तर भैय्याजी म्हणाले, "काढ ना, कशाचं काढतं?" पेंटरला सुचलं नाही म्हणून ते राहून गेलं.

आणि शेवटचा फॉर्म जवळ आला तसं भैय्याजी म्हणाले, "या खेपेला तयारी करून घ्या जी. सील कराच्या आधी एकदा तपासून घ्या." यात काही वावगं आहे असं कापगतेला वाटलं नव्हतं. प्रश्नपत्रिका म्हटली की तयारी, तयारी म्हटली की आदर्श उत्तरं. नववीच्या फळ्यावर त्यानं स्वतःच्या हातानं बारा प्रश्नांचे बारा आकडे लिहिले, पुढे रकाने आखले. पहिला रकाना 'कधीच नाही', शेवटचा 'जवळजवळ रोज'. सगळ्यांना पहिला रकाना. फक्त सातव्याला, 'गरज पडली तर मदत मागता येते का', याला शेवटचा. आणि त्याखाली, 'तुमचा विश्वास असलेली मोठी व्यक्ती' इथं, मुलांनी विचारलं, सर इथं काय लिहायचं? तो म्हणाला, माझं लिहा. कापगते सर. पोरांनी उतरवून घेतलं. कुणी एकानं स्केल घेऊन खाली रेघही मारली.

गोमाजी, शाळेचा शिपाई, दारातून डोकावून म्हणाला, "सर, मॅडमची गाडी सानगडीच्या पुढं आली म्हंते. कचरा जाळून राहिलो मागं, तुमचं काही हाय का?"

होतं. सायकलच्या पिशवीत अकरा फॉर्म होते, खराब निघालेले, ज्यांच्या जागी पोरांना कोरे देऊन नवीन भरून घेतले होते. तपासून घेतले ते असे. शुक्रवारी, घरी, जेवण झाल्यावर, सहामाहीचे पेपर तपासतो तसेच. लाल पेन, शेजारी आदर्श उत्तरं, आणि डोळा नुसता रकान्यावरून खाली. खूण पहिल्या रकान्यात असली की पुढं, हलली की काट. वाचायचं काय त्यात? सव्वीस वर्षांत डोळ्याला सवय झालेली, शंभर पेपर दीड तासात. अकरा निघाले. एकानं दोन-दोन खुणा केलेल्या, एकानं कोपऱ्यात बैल काढलेला, दोघांचे कोरेच. "नेऊन टाक," म्हणून त्यानं ते पिशवीतून काढले, आणि गोमाजीच्या हातात देता देता सगळ्यात वरचा त्याच्या नजरेला पडला.

एकतीस नंबर. आठव्यापर्यंत सगळं फळ्यावर होतं तसंच, आणि नवव्याला शेवटच्या रकान्यात, नीट, ठळक, पेन दोनदा फिरवून. नववा प्रश्न होता: गेल्या दोन आठवड्यांत, आपण नसतो तर बरं झालं असतं, असं तुम्हाला वाटलं का? जवळजवळ रोज. आणि त्यावर लाल काट. माझी. मोठी, वळणदार, शेपूट ओढलेली काट. बाजूला समासात माझंच अक्षर — 'लक्ष देऊन सोडव.' आणि अगदी खाली, 'आणखी काही सांगायचं आहे का' या चौकटीत निळ्या शाईत एक ओळ: हे कोण वाचणार आहे? त्याच्यासमोर पुन्हा लाल: 'रिकामे सोडा.'

"हे राहू दे," तो गोमाजीला म्हणाला. गोमाजी बाकीचे दहा घेऊन गेला.

नावाऐवजी गुप्त क्रमांक म्हणे! कसला गुप्त, डोंबलाचा... हजेरीचे नंबर टाकले होते सरळ, कोण बसतं नवीन नंबर पाडत. नववी, एकतीस, डिंपल गहाणे. आणि नंबर नसता तरी अक्षर ओळखलं असतं. तिच्या जर्नलमधल्या आकृत्या तो नेहमी दुसऱ्या पोरांना दाखवतो, पेन्सिलीला टोक करून काढलेल्या. दुसऱ्या बाकावर बसते. चार किलोमीटरवरून सायकलनं येते. अजून? त्यानं आठवून पाहिलं. अजून काहीच नाही. वर्षभर रोज समोर बसणारी पोरगी, आणि दोन ओळींत संपली... तिनं एकदा लिहिलं ते खरं, आणि मी तिला कोरा फॉर्म देऊन बजावलं, नीट वाच, घाई करू नको. ती 'हो सर' म्हणाली होती. मी मान वर करूनही पाहिलं नव्हतं.

मळमळलं त्याला. पोह्यांचं नव्हे, त्यानं खाल्लेच नव्हते. तोंडात थुंकी जमा होत होती आणि ती गिळायचीसुद्धा किळस येत होती, स्वतःचीच थुंकी.

चार वर्षांपूर्वी निकेश गेला तेव्हा असं काही झालं नव्हतं. निकेश दहावीत होता. का गेला ते कुणाला नीट कळलं नाही, त्याच्या आईलाही नाही. शाळेनं शोकसभा घेतली, आणि कापगते दोन शब्द बोलला: हुशार, गुणी, सगळ्यांचा लाडका... बोलताना निकेशचा चेहरा काही केल्या आठवत नव्हता. सगळे दोन मिनिटं उभे राहिले तेव्हा त्यानं घड्याळ पाहिलं होतं, कारण साडेअकराला प्रात्यक्षिकाचे परीक्षक यायचे होते. नंतर कोणीतरी म्हणालं, छान बोलले कापगते सर. आणि मला बरं वाटलं होतं! बरं वाटलं होतं मला.

बाई आल्या. गुंजन मॅडम, तिशीच्या, पाठीवर सॅक, पायात धुळीनं भरलेले बूट. भैय्याजींनी शाल दिली, नारळ दिला, आणि फोटो काढणाऱ्याला नारळ दिसतो का ते विचारून घेतलं. मॅडम म्हणत होत्या, अहो कशाला हे सगळं, आणि भैय्याजी म्हणत होते, "आमच्याकडं रीत हाय मॅडम, तुम्ही मनाचं काम करता." कापगते मागे उभा होता. शर्टाच्या खिशात तो फॉर्म चार घड्या करून ठेवलेला, आणि कोणी खिशाकडे पाहिलं की त्याचा हात आपोआप तिकडे जायचा.

मॅडमनी गठ्ठा सोडला. दहा-पंधरा फॉर्म सावकाश पाहिले, मग अंगठ्यानं भरभर सगळे. "सर," त्या कापगतेकडे वळून म्हणाल्या, "मी चार जिल्हे फिरले. इतकी एकसारखी उत्तरं मी कुठं पाहिली नाहीत."

"मेहनत हाय कापगतेजींची!" भैय्याजी म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत. त्या कापगतेकडेच पाहत राहिल्या, आणि त्याला कळलं की त्यांना कळलंय. आता बोलावं. आत्ता. एकच वाक्य, मॅडम, मी फळ्यावर लिहून दिलं... "मुलं गुणी आहेत," तो म्हणाला. आपलीच जीभ आपल्याच तोंडात वळताना त्याला कळली, एखादी गोगलगाय असावी तशी. वाटलं, काढून बाहेर फेकून द्यावी. मॅडमनी गठ्ठा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, मुलांशी बोलते मग.

भैय्याजींनी आठ जण निवडून ठेवलेलेच होते, इस्त्रीचे कपडे घालून या असं काल सांगून. प्रयोगशाळेत गोल करून बसवले. बाई म्हणाल्या शिक्षक नकोत, तरी भैय्याजी दारातच खुर्ची टाकून बसले, आणि त्यांच्या मागे कापगते. आठांतली पाचवी डिंपल. अर्थात! स्वच्छ बोलते, घाबरत नाही, पाहुण्यांसमोर नेहमी तीच. दोन वेण्या, लाल रिबिनी, हात मांडीवर. कापगते तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होता — काय दिसायला हवं होतं? काळी वर्तुळं? कुठंतरी काहीतरी? तिथं एक नीटनेटकी पोरगी बसली होती, बाकीच्या सातांसारखी.

"तुम्हाला कधी खूप उदास वाटलं तर काय करता?" मॅडमनी विचारलं.

"आम्ही विश्वास असलेल्या मोठ्या व्यक्तीशी बोलतो," डिंपल म्हणाली. तालात, पाठ.

"छान. तुझी अशी व्यक्ती कोण?"

"कापगते सर."

भैय्याजींनी टाळी वाजवली. एक टाळी वाजली की पोरं वाजवतातच, सगळ्यांनी वाजवल्या. डिंपलनंही वाजवली. आणि त्या टाळ्यांत तिनं एकदाच मान वळवून दाराकडे पाहिलं, त्याच्याकडे, रागानं नाही, कशानंच नाही, फळ्याकडे पाहावं तसं, लिहिलंय ते बरोबर उतरलं का एवढंच पाहणारं. कापगते उठला आणि मागच्या नळावर जाऊन ओकला. पोटात काही नव्हतंच, पिवळं पाणी पडलं. तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. बाजूला गोमाजीच्या कचऱ्याचा ढीग विझत आला होता आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला होता. किती आवरली ही शाळा, किती झाडली, किती रंगवली... आणि आतून सगळी नासलेली. आणि नासवणारा कोण? भैय्याजींवर ढकललं असतं तर सोपं होतं. भैय्याजी बिचारा बावळट. फळ्यावर अक्षर माझं होतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर मॅडम ऑफिसात कागद भरत बसल्या. चारला त्यांना निघायचं होतं. कापगतेनं आठवीचा तास घेतला, आम्ल आणि आम्लारी, काय शिकवलं देव जाणे, आणि साडेतीनला सायकल-स्टँडच्या बाजूला, प्रयोगशाळेच्या मागच्या पायऱ्यांपाशी जाऊन उभा राहिला. काय बोलायचं ते तासभर मनात जुळवत होता. प्रशिक्षणाची फाईल घरी, कपाटावर. त्यात नक्की लिहिलेलं असेल. त्या दुपारी जागा असतो तर... वाटलं, निघून जावं, मॅडमच्या हातात फॉर्म द्यावा आणि मोकळं व्हावं. पण 'मोकळं व्हावं' हा शब्दच त्याला एवढा घाण वाटला की पाय हलले नाहीत.

ती आली, सायकलचं कुलूप काढायला वाकली.

"डिंपल. थांब जरा."

"काय सर?"

त्यानं खिशातला कागद काढला, उलगडला. तिनं ओळखला. चेहरा पहिल्यांदा बदलला, आणि त्यात त्याला भीती दिसली; चुकीचा पेपर परत आल्याची, नेहमीची, शाळेतली भीती.

"म्या दुसरा भरला ना सर," ती घाईघाईनं म्हणाली. "सगळं तुम्ही सांगतलं तसंच केलं. त्याच्यात बी चुकलं का?"

"नाही. हा... हा पहिला बरोबर होता."

ती कागदाकडे पाहत राहिली. लाल काटेकडे. मग हळू म्हणाली, "मंग काहून काट मारली?"

वर्गात तो कधी गावच्या बोलीत बोलत नसे. आता दुसरी भाषाच सापडेना. "म्या वाचलंच नोतं, डिंपल. खूण पाहिली अन् काट मारली. आज सकाळी वाचलं."

सायकलच्या कुलपात किल्ली तशीच लटकत होती. मैदानावर बंटी नावाचं एक आठवीतलं कार्टं कोणालातरी शिव्या देत पळत होतं, त्याचा आवाज येत होता, आणि कापगतेला वाटलं, ती आता 'जाऊ का सर' म्हणेल आणि मी 'जा' म्हणेन. इतकी वर्षं हेच म्हणत आलो.

"आज बी वाटते का तसं?" त्यानं विचारलं.

"तुम्ही माह्या घरी सांगाल?"

हो म्हणावं तर ती गप्प होईल, नाही म्हणावं तर खोटं ठरेल, आणि खोटं आता तोंडात घ्यायची ताकद नव्हती. "एकट्यानं काही करणार नाही," तो म्हणाला. "जे करू ते तुले सांगून करू. पण तुले एकटी बी सोडणार नाही. त्या मॅडम हायेत ना, त्याइले हे काम येते. मले येत नाही. त्याइले बोलावतो."

"त्याइले कायले?"

"आधी तं म्या काय केलं ते मले सांगाचं हाय."

ऑफिसच्या बाजूनं भैय्याजींची हाक आली, "ओ कापगतेजी! या ना, ग्रुप फोटो राहिला, मॅडम निंगून राहिल्या!" आणि त्यानं, आयुष्यात हेडमास्तरला उलट न बोललेल्या माणसानं, तिथूनच ओरडून सांगितलं, "मी नाही येत. मॅडमले इकडं पाठवा. निंगू देऊ नका." डिंपल त्याच्याकडे पाहत होती, आता मात्र खरोखर त्याच्याकडे, हा कोण माणूस आहे असं.

"बसा ना सर," ती म्हणाली. "उभे काहून राहिले?"

ती स्वतः आधी पायरीवर बसली, दप्तर मांडीवर घेऊन. तो दोन हात अंतर सोडून बसला. पायरी उन्हानं तापलेली होती. तिनं दप्तराच्या पट्ट्याचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

सकाळपासूनची मळमळ गेली होती, हे त्याच्या लक्षात आलं. आणि गेली याचं बरं वाटलं नाही. किळस होती तोवर काहीतरी हाताशी होतं — पोह्यांची, शालीची, भैय्याजींची, स्वतःची, कितीही करावी, कोणाचं काही बिघडत नव्हतं. नळावर जाऊन ओकलं की झालं. आता किळसेच्या जागी साधी भीती होती, लहानपणी आजारी माणसाजवळ एकट्याला बसवून घरची सगळी बाहेर गेली की वाटायची तशी. दोरा बोटाला गुंडाळला जात होता. तो ती बोटं पाहत होता, कागद न पाहता, घड्याळ न पाहता. ती बोलेल याची त्याला भीती वाटत होती, आणि ती उठून जाईल याची त्याहून जास्त.